माउस कुणाच्या हातात? पतसंस्थेतल्या तीन पिढ्यांना एकत्र संगणक शिकवण्याची रीत

संध्याकाळी पाच वाजता काउंटर बंद होतो. रोखपाल नोटा मोजून, गड्ड्या बांधून, तिजोरीची किल्ली लावून येतात. मग दिवसअखेर, म्हणजे प्रणालीत त्या दिवसाचा हिशेब जुळवून बंद करायची वेळ येते आणि निवृत्तीला तीन वर्षं उरलेले हे गृहस्थ खुर्चीतून उठून पंचविशीतल्या लेखनिकाला म्हणतात, “बस रे बाळा, माझ्या लॉगिनने तूच टाकून दे.” पासवर्ड कीबोर्डखालच्या चिठ्ठीवर असतो. दहा मिनिटांत काम होतं, सगळे घरी जातात.

तालुक्याच्या गावांतल्या पतसंस्थांमध्ये प्रशिक्षण देताना हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की आता नव्या शाखेत गेलो की आधी पाच वाजेपर्यंत थांबतो. एका संस्थेत तर एका कर्जखात्याची चुकीची नोंद वर्षभरानं ऑडिटमध्ये सापडली. ती कुणी केली हे शेवटपर्यंत ठरलं नाही, कारण नोंद करणारा आणि तपासून मंजूर करणारा अशी दोन नावं प्रणालीत दिसत होती, पण दोन्ही वेळा बोटं एकाच माणसाची होती. ठपका मात्र ज्येष्ठ कर्मचाऱ्यावर आला. तीस वर्षं ज्यांनी एक रुपया इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्यांच्यावर. त्या दिवशी त्यांचा चेहरा पाहिला आणि तेव्हापासून मी ‘संगणक प्रशिक्षण’ या विषयाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो.

माझं म्हणणं एवढंच आहे: ज्येष्ठ माणूस यंत्राला फारसा घाबरत नाही. तो घाबरतो आपल्यापेक्षा तीस वर्षांनी लहान मुलांसमोर चुकायला. शिकवण्याची सगळी आखणी या एका गोष्टीभोवती केली तर काम होतं. खाली लिहिलंय ते पतसंस्थेच्या दहा-बारा जणांच्या शाखेला धरून. ग्रामपंचायत, शाळेचं कार्यालय, दूध संघ, वकिलाचं ऑफिस अशा ठिकाणीही थोड्या फरकानं हेच चालेल.

आधी वेळ ठरवा

मार्चअखेरच्या आगेमागे विषयसुद्धा काढू नका. नंतर ऑडिट येतं, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, मग दिवाळीच्या ठेवी. मोकळे असे दोनच पट्टे उरतात: जूनच्या मध्यापासून जुलैअखेर, आणि दिवाळी उरकली की जानेवारीपर्यंत. रोज पंचवीस मिनिटं, काउंटर उघडण्याआधी. संध्याकाळी सहानंतर प्रशिक्षण ठेवणाऱ्या व्यवस्थापकांना माझी कळकळीची विनंती आहे की तसं करू नका. त्या वेळी शाखेतल्या बायकांचं अर्धं लक्ष घरच्या कुकरकडे आणि शेवटच्या एसटीकडे असतं आणि त्यात त्यांचा काहीही दोष नाही.

संचालक मंडळ खर्चाला कां-कू करत असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधलं कलम २४-अ त्यांच्यापुढे ठेवा. सभासद, पदाधिकारी आणि कर्मचारी यांच्या सहकारी शिक्षण-प्रशिक्षणाची जबाबदारी त्यात संस्थेवर टाकलेली आहे. अंदाजपत्रकात प्रशिक्षणाची तरतूद मागायला एवढा आधार पुरतो.

पहिला आठवडा: शिकवू नका, शेजारी बसा

“तुम्हाला एक्सेल येतं का?” या प्रश्नाला खरं उत्तर कधीच मिळत नाही. तरुण ‘हो’ म्हणतात, ज्येष्ठ ‘थोडंथोडं’ म्हणतात, आणि दोन्ही उत्तरांना अर्थ नसतो. त्याऐवजी प्रत्येकाच्या शेजारी अर्धा तास स्टूल टाकून बसा आणि त्यांचं नेहमीचं काम त्यांना करू द्या. वहीत दोनच रकाने ठेवा: हात कुठे थांबला, आणि थांबल्यावर कुणाला हाक मारली.

तीन दिवसांत शाखेचा खरा नकाशा हाती येतो. सगळ्या हाका बहुधा एकाच टेबलाकडे जातात. तो किंवा ती रजेवर गेली की शाखा अडते. ज्येष्ठांचे हात कुठे थांबतात हे आपल्याला साधारण माहीत असतं, पण तरुणांचे हात कुठे थांबतात हे पाहून व्यवस्थापक चकित होतात. मोबाइलवर सराईत असलेल्या मुलाला डाउनलोड केलेली फाइल नेमकी कुठे गेली ते सांगता येत नाही. फोल्डर म्हणजे काय हे त्याच्या डोक्यात पक्कं नसतं, कारण मोबाइलनं ते कधी विचारलेलंच नसतं. बॅकअप कशाला घ्यायचा, एकाच नावाच्या चार फाइलींतली शेवटची कोणती, तेरीज (सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाक्यांचा गोषवारा) जुळली नाही तर कुठून शोधायला लागायचं, इथे तो अडखळतो. हे सगळ्यांसमोर यायला हवं. शिकायची गरज फक्त पन्नाशीपुढच्यांना आहे असं वाटलं की वर्ग पहिल्याच दिवशी फसतो.

शेजारी बसलेले असताना डोळ्यांकडेही बघा. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होत जातं, म्हणून तर आपण त्या चष्म्याला चाळिशी म्हणतो. दुहेरी भिंगाचा चष्मा असलेला माणूस खालच्या भिंगातून वाचण्यासाठी मान मागे टाकून पडद्याकडे बघतो आणि तासाभरात मान धरते. त्यांचा मॉनिटर खाली आणा, त्याखाली उंचीसाठी काही ठेवलं असेल तर काढून टाका. कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवलं की बऱ्याच प्रोग्रॅममधली अक्षरं मोठी होतात. विंडोज आणि अधिकचं चिन्ह एकत्र दाबलं की भिंग उघडतं. माउसच्या सेटिंगमध्ये बाणाचा आकार वाढवता येतो आणि डबल क्लिकचा वेग कमी करता येतो. मी अशी माणसं पाहिली आहेत ज्यांना ‘संगणक जमत नाही’ असं वर्षानुवर्षं सगळे म्हणत होते आणि खरी अडचण एवढीच होती की त्यांचे दोन क्लिक प्रणालीला एक-एक वाटत होते. ते सेटिंग बदलायला अर्धं मिनिट लागतं.

दुसरी पायरी: सॉफ्टवेअर शिकवू नका, कामं शिकवा

‘सोमवारी वर्ड, मंगळवारी एक्सेल’ असा तक्ता करू नका. वहीतल्या नोंदींवरून शाखेची सहा-सात कामं निवडा: दिवसअखेर, थकबाकीदारांची यादी काढणं, ठेवीच्या मुदतीची नोटीस, पिग्मी प्रतिनिधीच्या (रोजची छोटी बचत दारोदार गोळा करणाऱ्याच्या) मोबाइलमधला भरणा प्रणालीत घेणं, केवायसीची कागदपत्रं स्कॅन करून योग्य खात्याला जोडणं, सभेची विषयपत्रिका मराठीत टाइप करणं. एका आठवड्याला एकच काम. सगळ्यात जास्त हाका ज्या कामासाठी मारल्या गेल्या, ते आधी.

विषयपत्रिकेचं उदाहरण जरा खोलात घेतो, कारण मराठी टायपिंगमध्ये दोन पिढ्यांचा पेच जितका स्वच्छ दिसतो तितका दुसरीकडे कुठेच नाही.

ज्येष्ठ लेखनिक टाइपरायटरवर शिकलेले असतात. नंतर संस्थेत संगणक आला तेव्हा श्रीलिपी किंवा आयएसएमसारख्या प्रणालीतले जुने फॉन्ट आले आणि टाइपरायटरच्याच सवयीनं त्यांनी हजारो पत्रं टाइप केली. त्यांचा वेग आजही शाखेत सर्वांत जास्त असतो. पण ती फाइल व्हॉट्सॲपवर संचालकांना पाठवली की त्यांच्या फोनवर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. कारण त्या फाइलमध्ये संगणकाच्या लेखी मराठी नसतंच, रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार चढवलेले असतात. फॉन्ट नसेल तिथे आकार गळून पडतात. युनिकोड या नव्या पद्धतीत प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून ते फोनवर, ईमेलमध्ये, सरकारी पोर्टलवर सगळीकडे मराठीच राहतं. हे एवढं समजावून सांगितलं की ज्येष्ठांचा विरोध बराच मावळतो. ‘तुमची पद्धत जुनी झाली’ असं ऐकायला कुणालाच आवडत नाही, पण कारण कळलं तर माणूस ऐकतो.

पुढचा अडथळा बोटांच्या सवयीचा. टाइपरायटरवर ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी आधी येते, मग क. युनिकोडमध्ये लिहिणाऱ्या इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकावर उच्चाराप्रमाणे, म्हणजे आधी क आणि मग वेलांटी. टाइपरायटरवर अर्धी अक्षरं वेगळ्या कळींवर होती आणि काना देऊन ती पूर्ण केली जायची. इनस्क्रिप्टमध्ये अक्षर पूर्णच असतं, पाय मोडायला इंग्रजी डीची कळ. एवढे दोन बदल आधी सांगा आणि पहिले चार दिवस फक्त ‘किमान’, ‘स्थिती’, ‘व्यक्ती’, ‘सभासद’ असे शब्द करून घ्या. बाकी मांडणी सोपी आहे: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. क, ग, च, ज, त, द, प ज्या कळीवर, त्याच कळीवर शिफ्ट दाबून ख, घ, छ, झ, थ, ध, फ. वर्णमाला तोंडपाठ असलेल्या माणसाला हे फार आवडतं. ‘दुसऱ्या’, ‘कर्मचाऱ्यांना’ यातला ऱ्य कसा काढायचा हा हमखास येणारा प्रश्न: शिफ्ट धरून इंग्रजी जेची कळ दाबली की ऱ येतो, मग पाय मोडा आणि य लिहा.

तरुण मात्र फोनवर इंग्रजी स्पेलिंगनं मराठी लिहितात. त्यांना इनस्क्रिप्टची सक्ती करायची गरज नाही. विंडोज १० च्या २०१९ मधल्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कळफलक विंडोजमध्येच मिळतो. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडा, विंडोज आणि स्पेसबारनं अदलाबदल करा. ज्यांना टायपिंग नकोच वाटतं ते फोनवर मराठीत बोलून मजकूर उतरवू शकतात, नंतर तपासायचा. टाइप कसंही करा, फाइल युनिकोडमध्ये असली म्हणजे झालं. इथे तरुणांनाही शिकायला मिळतं: शुद्धलेखन, पत्राचा मायना, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ हा शेवटचा मुद्दा का लिहायचा. ज्येष्ठ लेखनिक हे सगळं तोंडपाठ सांगतात.

तिसरी पायरी: जोड्या, आणि माउसचा नियम

एक ज्येष्ठ, एक तरुण अशी जोडी लावा. पण जोडी एकतर्फी नसावी. सोमवार ते बुधवार तरुणानं संगणकाचं काम दाखवायचं, गुरुवार-शुक्रवार ज्येष्ठांनी आपलं: कर्जाच्या अर्जात जामीनदाराची सही बघताना नजर कुठे ठेवायची, तेरजेत नऊनं भाग जाणारा फरक आला तर आकडे उलटसुलट पडलेत का ते आधी का बघायचं, मुदतीआधी ठेव मोडायला आलेल्या संतापलेल्या सभासदाशी कोणत्या आवाजात बोलायचं. हे दोन दिवस तक्त्यात छापील असायला हवेत, ‘वेळ मिळाला तर’ असं ठेवलं तर तो वेळ कधीच मिळत नाही.

जोडी ठरवताना माणसं बघा. सख्ख्या नात्यातली जोडी टाळा. व्यवस्थापकाची आणि शिपायाची जोडी सुरुवातीला लावू नका, शिपाई चूक दाखवणार नाही. शाखेत काका, मामा, मॅडम, ताई जे काही म्हणायची पद्धत आहे ती तशीच राहू द्या. “काका, इथे क्लिक करायचं” यात आदरही आहे आणि शिकवणंही.

आणि आता तो नियम, ज्याच्यासाठी हा सगळा लेख लिहिला: माउस शिकणाऱ्याच्या हातात. शिकवणाऱ्याचे दोन्ही हात मागे.

तरुणाला हे प्रचंड जड जातं. काका मेनू शोधतायत, बाण डावीकडे चाललाय, खरं बटण उजवीकडे आहे, मागे तीन माणसं उभी आहेत. त्याचा हात आपोआप पुढे जातो आणि तो दोन सेकंदांत काम करून टाकतो. त्या दोन सेकंदांत काका जे शिकणार होते ते गेलं, आणि ‘आपल्याला जमत नाही’ हा समज एक पायरी अजून घट्ट झाला. म्हणून तोंडानं सांगायचं, बोटानं पडदासुद्धा दाखवायचा नाही: “उजवीकडे वरच्या कोपऱ्यात, हिरव्या रंगाचं.” सुरुवातीला चिडचिड होते. चौथ्या-पाचव्या दिवशी काका स्वतःच म्हणतात, “थांब, सांगू नकोस.” हे वाक्य ऐकलं की मला शाखेचं अर्धं काम झाल्यासारखं वाटतं.

प्रत्येक काम तीन फेऱ्यांत करा. पहिल्या फेरीत शिकवणारा स्वतः एकदा करून दाखवतो, मोठ्यानं बोलत: आता मी काय बघतोय, का बघतोय. दुसऱ्या फेरीत शिकणारा करतो, शिकवणारा सांगतो. तिसऱ्या फेरीत शिकणारा करतो आणि शिकवणारा खुर्ची फिरवून पाठ करून बसतो. विचारलं तरच उत्तर द्यायचं.

विसरण्याचा हिशेब

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःच्याच स्मरणावर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. शिकलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, हे त्यात दिसलं. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत असं आढळलं की पुन्हापुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून पाहिलं तर आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं. शाखेत याचा अर्थ साधा: सोमवारी शिकवलेली थकबाकी यादी मंगळवारी वही मिटून काढायला लावा, मग शुक्रवारी, मग पुढच्या आठवड्यात एकदा, मग महिनाअखेरीला. दोन दिवसांची कार्यशाळा, प्रमाणपत्र आणि फोटो यानं हे होत नाही, कितीही चांगला वक्ता आणला तरी.

वही प्रत्येकाची स्वतःची, स्वतःच्या अक्षरात. छापील पुस्तिका वाटू नका, ती ड्रॉवरमध्ये जाते. रोजकीर्द-खतावणी हातानं लिहिलेल्या पिढीला वही लिहिणं उपजत येतं आणि त्यांच्या पायऱ्या तरुणांपेक्षा नेटक्या असतात. नंतर त्याच वह्या शाखेच्या कामाला येतात.

चुकायची जागा

पैशाच्या प्रणालीत चुकण्याची भीती रास्त आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. सॉफ्टवेअर पुरवठादाराकडे चाचणी शाखा मागा, म्हणजे खऱ्या प्रणालीसारखीच पण खोट्या खात्यांची. अनेक पुरवठादारांकडे ती तयार असते, कुणी मागत नाही म्हणून दिली जात नाही. खऱ्या सभासदांची नावं-आधार क्रमांक तिथे उतरवू देऊ नका.

पहिला धडा मागे कसं फिरायचं याचा. कंट्रोल आणि झेड, रद्द करण्याचं बटण, अर्धवट व्हाउचरमधून बाहेर पडणं, पोस्ट झालेल्या चुकीच्या नोंदीची उलट नोंद कोण करतो आणि त्याला कुणाची मंजुरी लागते. मग मुद्दाम चुका करायला लावा: दहा हजारांच्या जागी एक लाख टाका, आता दुरुस्त करा. परतीची वाट माहीत झाली की माणूस पुढे जायला धजतो.

लॉगिन आणि फोन

सुरुवातीच्या त्या चिठ्ठीकडे परत येतो. प्रत्येकाचं लॉगिन प्रत्येकानंच वापरायचं, हा नियम प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवसापासून नव्हे, चौथ्या आठवड्यापासून लावा. आधी लावलात तर काम अडतं आणि नियम मोडतो. तोवर दिवसअखेर शिकवून झालेली असेल. मग चिठ्ठ्या गोळा करून फाडा आणि सगळ्यांचे पासवर्ड बदला.

फसवणुकीचे फोन हा विषय नाट्य करूनच शिकवावा. एकानं पोलीस अधिकारी व्हायचं, “तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात” म्हणायचं; दुसऱ्यानं फोन ठेवायचा सराव करायचा. डिजिटल अरेस्ट नावाची कोणतीही गोष्ट भारतीय कायद्यात नाही, हे वाक्य सगळ्यांना पाठ हवं. ओटीपी कुणालाही नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन, हा राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांक आहे. हा धडा ज्येष्ठ सर्वांत मन लावून शिकतात, कारण निवृत्तीची रक्कम आता त्यांच्या हाती यायची असते. आणि तोच धडा ते दुसऱ्या दिवशी काउंटरवर आलेल्या आजींना समजावून सांगतात, जो एखाद्या तरुणाच्या तोंडून त्यांना पटला नसता.

आठ आठवड्यांनंतर

सोमवारी सकाळी पंधरा मिनिटं ‘एक नवी गोष्ट’: दर आठवड्याला वेगळा माणूस, शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत. व्यवस्थापकांनी स्वतः न येणारी गोष्ट सर्वांसमोर शिकून दाखवावी, त्यानं वातावरण जितकं सैल होतं तितकं कशानंच होत नाही. संगणकाशेजारी दोरीला बांधलेली प्रश्नवही टांगा. ज्याला अडलं त्यानं लिहायचं, ज्याला उत्तर माहीत त्यानं खाली लिहायचं. बाहेरचं काही हवं असेल तर केंद्र सरकारचा स्वयम् हा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मंच आहे. २००१ पासून चालू असलेला एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम पाया घालतो, पण तुमच्या प्रणालीतली दिवसअखेर शिकवणं हे शाखेचंच काम राहतं.

जो कर्मचारी निवृत्त होणार आहे त्याच्यासोबत सहा महिने आधीपासून आठवड्याला एक तास ठेवा. कोणत्या गावच्या कोणत्या कुटुंबात वाटण्या होऊन जामीनदार बदलले, कोणतं जुनं खातं कुठल्या फायलीत आहे, हे त्यांनी बोलायचं आणि तरुणानं शोधता येईल अशा नावानं फाइल करून ठेवायचं.

शिकलं का, हे परीक्षेनं तपासू नका, रजेनं तपासा. ज्या टेबलाकडे सगळ्या हाका जात होत्या त्या माणसाला बुधवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, हक्काची रजा द्या. फोन बंद ठेवायला सांगा. संध्याकाळी पाचला शाखेत येऊन कोपऱ्यात बसा. मी गेलो होतो त्या एका शाखेत रोखपालकाकांनी चष्मा पुसला, वही उघडून कीबोर्डशेजारी ठेवली, आणि दिवसअखेर केली. पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती. वहीचं पान त्यांनी एकदाही बघितलं नाही.